पाच देशांची टीम आणि सगळ्यांचं 'हो' : नेमकं काय बदलावं?

नवा_लीड

१४ जणांची टीम आहे. माणसं भारत, जपान, जर्मनी, नेदरलँड्स आणि ब्राझीलमधली. कामाची भाषा इंग्रजी, पण इंग्रजी मातृभाषा असलेलं कुणीही नाही. अडचणी तीन आहेत.

पहिली : "शुक्रवारपर्यंत होईल ना?" असं विचारलं की सगळीकडून 'हो' येतं आणि काम झालेलं नाही हे गुरुवारी संध्याकाळी कळतं. दुसरी : डच सहकारी सगळ्यांसमोर "ही मांडणी चुकीची आहे" असं सरळ सांगतो. त्यानंतर भारत आणि जपानकडचे लोक त्याला कामाच्या मधल्या टप्प्यावर काही दाखवतच नाहीत. तिसरी : तासाभराच्या मीटिंगमध्ये तीन-चारच जण बोलतात.

कंपनीच्या प्रशिक्षणात देशवार सवयींची यादी मिळाली, ती तोंडपाठ करून हे सुटेल असं वाटत नाही. जाणकारांनी कृपया रोजच्या कामात वापरता येतील असे उपाय सांगावेत.

---

दुभाष्या

आधी 'हो'बद्दल, कारण बाकीचं बरंचसं त्यातून निघतं.

"होईल ना?" या प्रश्नातच उत्तर भरून ठेवलेलं आहे. विचारणारा पदाने मोठा असेल तर 'नाही' म्हणणं हा अनेक ठिकाणी उद्धटपणा ठरतो, म्हणून माणूस 'हो' म्हणतो. तो खोटं बोलत नाही. त्या 'हो'चे अर्थ चार असू शकतात : ऐकलं, समजलं, पटलं, करतो. जपानी संभाषणात मध्येमध्ये येणारं 'हाय' बहुतेक वेळा पहिल्या अर्थाचं असतं. "केंतो शिमास" म्हणजे "विचार करतो" आणि "मुझुकाशी" म्हणजे "अवघड आहे". कामाच्या बोलण्यात या दोन्हींचा रोख बऱ्याचदा नकाराकडे असतो. आपल्याला हे परकं वाटायला नको. आपलं "बघू" आणि "प्रयत्न करतो" याच जातीचं आहे.

म्हणून माणसं बदलण्याआधी प्रश्न बदला. ज्याचं उत्तर हो-नाहीत देता येतं असा प्रश्न कामाच्या मुदतीबद्दल विचारायचाच नाही. त्याऐवजी : "यातलं पहिलं पाऊल कोणतं?" "कुणाकडून काय यायचं बाकी आहे?" "कुठे अडू शकेल?" किंवा दोन पर्याय द्या : "शुक्रवार की पुढचा मंगळवार?" दोन्ही पर्याय तुम्हीच दिलेले असल्यामुळे मंगळवार निवडणाऱ्याला नकार द्यावा लागत नाही.

"समजलं का?" हाही निरुपयोगी प्रश्न. विमानवाहतुकीत नियंत्रकाने दिलेली परवानगी वैमानिक पुन्हा बोलून दाखवतो आणि नियंत्रकाने ती लक्ष देऊन ऐकायची असते. म्हणजे चूक पकडण्याची जबाबदारी दोन्हीकडे असते. तसंच इथे करा. फक्त जबाबदारी स्वतःकडे घेऊन विचारा : "माझ्या सांगण्यात काही सुटलं का ते पाहायचंय, तुम्ही हे कसं करणार ते एकदा सांगाल का?" "तुम्हाला कळलं का ते बघतो" असं म्हणालात तर ती परीक्षा होते आणि माणूस मिटतो.

एक बारीक पण महाग पडणारी चूक म्हणजे नकारार्थी प्रश्न. "फाइल मिळाली नाही का?" याला मराठीत आपण "हो, नाही मिळाली" म्हणतो. जपानीतही तसंच. इंग्रजीत मात्र नुसतं 'येस' म्हणजे मिळाली. जर्मनमध्ये अशा प्रश्नाला "मिळाली की" असं उलटून सांगायला 'डोख' हा वेगळा शब्दच आहे. चॅटवर फक्त 'येस' आलं तर त्याचा अर्थ लावायला काहीच आधार उरत नाही. टीमचा नियमच करा : प्रश्न होकारार्थी, उत्तर पूर्ण वाक्यात.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात परिणामकारक : प्रगतीचा अहवाल मागू नका, वस्तू मागा. दहा दिवसांचं काम असेल तर तिसऱ्या दिवशी अर्धवट, कच्चं, चुका असलेलं जे काही आहे ते पाहायचं हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. "कसं चाललंय?" याचं उत्तर नेहमी "छान" असतं. कच्चा मसुदा समोर आला की किती झालंय ते आपोआप दिसतं, कुणाला काही कबूल करावं लागत नाही.

हे मोडतं ते एकाच कारणाने. वाईट बातमी वेळेत आणणाऱ्याला एकदा जरी सगळ्यांसमोर "आधी का नाही सांगितलं?" ऐकावं लागलं, की पुढचे कित्येक महिने कुणी काही आणत नाही. बातमी आली की पहिलं वाक्य आभाराचं, दुसरं "आता काय लागेल?" आणि कारणमीमांसा दुसऱ्या दिवशी, त्या माणसाशी एकट्याने.

---

पायरीपायरीने

दुभाष्यांशी सहमत. दुसऱ्या अडचणीबद्दल लिहितो.

डच सहकाऱ्याला "जरा सौम्य बोल" सांगून फार काही होत नाही. त्याच्या मते त्याने मांडणीबद्दल बोललं, माणसाबद्दल नाही. ऐकणाऱ्याच्या मते सगळ्यांसमोर काढलेली चूक ही माणसाबद्दलच असते. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. त्यात भर म्हणजे टीकेची तीव्रता दाखवायची पद्धत वेगळी. काही भाषक 'पूर्णपणे', 'अजिबात' असे वजन वाढवणारे शब्द घालतात, काही 'थोडंसं', 'कदाचित' असे वजन उतरवणारे. सौम्य बोलणाऱ्याने "इथे थोडं पाहावं लागेल" म्हटलं तर ते कदाचित काम थांबवण्याइतकं गंभीर असतं, आणि सरळ बोलणारा ते सोडून देतो. म्हणजे नुकसान दोन्ही दिशांना होतं. दुखावलेली माणसं दिसतात, हुकलेला इशारा दिसत नाही.

उपाय : तीव्रता सुरातून काढून घ्या आणि खुणेत घाला. प्रत्येक लेखी शेऱ्याआधी तीनपैकी एक शब्द सक्तीचा करा. 'अडवणारं' म्हणजे हे सुटल्याशिवाय पुढे जायचं नाही. 'सुधारावं' म्हणजे या फेरीत करा, पण काम थांबवू नका. 'सूचना' म्हणजे पटलं तर घ्या, उत्तर द्यायचीही गरज नाही. मग सूर सौम्य असो की रोखठोक, वजन सगळ्यांना सारखंच कळतं. ब्रिटिश वळणाचं 'नॉट बॅड' हे कौतुक आहे की नाराजी यावर कुणाला डोकं खपवावं लागत नाही.

शेरा तीन वाक्यांचा असावा : काय दिसलं, त्याने काय बिघडेल, कधीपर्यंत काय हवं. "पान ४ वरच्या तक्त्यात कर धरलेला नाही. त्यामुळे एकूण रक्कम कमी दिसते. बुधवारी दुपारपर्यंत दुरुस्त करून पाठवा." यात विशेषण एकही नाही. एखाद्याच्या कामाच्या दर्जाबद्दल बोलायचं असेल तर ते एकट्याने आणि कॉलवर, सगळ्यांच्या चॅटमध्ये कधीच नाही.

सावध राहा : आडवळणाने बोलणाऱ्यांना "इथे सरळ बोलायचं असतं" असं शिकवलं की ते बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त कठोर बोलतात. त्या पद्धतीतही न बोललेल्या मर्यादा असतात आणि त्या बाहेरच्याला दिसत नाहीत. डच माणूसही काही गोष्टी बोलत नाही.

आणखी एक गल्लत देशांच्या याद्यांमुळे होते. सरळ बोलणं आणि वरिष्ठ-कनिष्ठ भेद कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्णय कसा होतो ही तिसरी. जपानी कार्यालयात अधिकाराची उतरंड स्पष्ट असते, तरी निर्णय बऱ्याचदा खालून वर जातो. 'रिंगी' पद्धतीत प्रस्तावाचा कागद संबंधित प्रत्येकाकडे फिरतो आणि मंजुरीचे शिक्के गोळा होतात. त्याआधी 'नेमावाशी' होते. या शब्दाचा मूळ अर्थ झाड हलवण्याआधी मुळांभोवती खणून तयारी करणं. म्हणजे मीटिंग ही निर्णय जाहीर करायची जागा असते. तिथे ऐनवेळी नवा प्रस्ताव टाकून "बोला, काय वाटतं?" विचारलं तर शांतताच मिळणार. प्रस्ताव दोन-तीन दिवस आधी एकेकाला १० मिनिटं दाखवा, आक्षेप तिथेच मिळतील.

---

कोरा_कागद

मीटिंगमधल्या शांततेला थेट संस्कृती म्हणू नका, आधी भाषा तपासा.

२००९ मध्ये १० भाषांमधल्या संभाषणांचा एक तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. गंमत म्हणजे त्यात सर्वांत जलद उत्तरं जपानी भाषकांची होती आणि सर्वांत सावकाश डॅनिश भाषकांची. स्वतःच्या भाषेत जपानी माणूस झटकन उत्तर देतो. दुसऱ्या भाषेत मात्र ऐकलेलं उलगडायचं, विचार करायचा, वाक्य जुळवायचं, तोवर ती फट बंद झालेली असते आणि दुसरं कुणीतरी बोलायला लागलेलं असतं.

त्यामुळे फट मोठी करणं हे मीटिंग चालवणाऱ्याचं काम. माझी मांडणी अशी :

विषय आणि दोन पानांपर्यंतचं टिपण ४८ तास आधी. मीटिंगची पहिली ८ मिनिटं कुणी बोलायचं नाही, सगळ्यांनी एकाच सामायिक कागदावर आपलं मत लिहायचं. मग फेरी, सर्वांत कनिष्ठ माणसापासून सुरुवात आणि लीड (टीमचा प्रमुख) शेवटी. लीड आधी बोलला की पुढची सगळी मतं त्याच्याभोवती वाकतात. मोकळा प्रश्न टाकल्यावर घड्याळाकडे बघून ८ सेकंद गप्प राहा. फार मोठा काळ वाटतो, पण बहुतेक नवे आवाज त्यातच येतात. शेवटची ५ मिनिटं ठरलेल्या गोष्टी मोठ्याने वाचायच्या, २४ तासांत लेखी पाठवायच्या, आणि त्यानंतर आणखी २४ तास आक्षेपासाठी खुले ठेवायचे. हा शेवटचा भाग गाळू नका. ज्याला वाक्य सुचायला रात्र लागते त्याचा आक्षेप इथेच येतो.

न सांगता अचानक नाव घेऊन "तुझं काय मत?" विचारणं मात्र टाळा. फेरी आधी माहीत असते म्हणून चालते, अचानक हाक मारल्याने माणूस उघडा पडतो.

आपापल्या भाषेत कुजबुजण्यावर बंदी घालू नये. त्याऐवजी कुणीही "दोन मिनिटं आमच्या भाषेत" असं मागावं, बोलावं, आणि परत आल्यावर काय ठरलं ते एका वाक्यात सांगावं. बंदी घातली की लोक समजून घ्यायचंच थांबतात.

इंग्रजी शब्दांचे सापळे याच टीमचे सांगतो, लिहून भिंतीवर लावा. जर्मन 'एव्हेंटुएल' आणि डच 'एव्हेंट्यूएल' म्हणजे 'कदाचित', तर इंग्रजी 'इव्हेंच्युअली' म्हणजे 'अखेरीस होणारच'. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये 'प्रेतेंदेर' म्हणजे 'करायचा विचार असणं', त्यामुळे "आय प्रिटेंड टू फिनिश" ऐकलं तर तो माणूस नाटक करत नाहीये, काम संपवायचं म्हणतोय. आपल्याकडे "आय हॅव अ डाउट" म्हणजे प्रश्न आहे. जर्मन माणसाला तो तुमच्या कामाबद्दलचा अविश्वास वाटू शकतो. 'टेबल करणे' ब्रिटिश इंग्रजीत चर्चेला घेणं आणि अमेरिकन इंग्रजीत बाजूला ठेवणं, म्हणून तो शब्द वापरूच नये.

---

घड्याळजी

वरचं सगळं केलं तरी आकडे आणि वेळा चुकल्या की भांडणं होतात आणि खापर संस्कृतीवर फुटतं. म्हणून हेही.

तारीख कधीही ०३/०४ अशी लिहू नका. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस लिहा किंवा महिन्याचं नाव लिहा. जर्मनी, नेदरलँड्स आणि ब्राझीलमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब, भारत आणि जपानमध्ये उलट. म्हणजे १.२५० हा आकडा तुमच्या टीममध्ये सव्वा किंवा बाराशे पन्नास, दोन्ही असू शकतो. लाख-कोटी बाहेर कुणाला कळत नाहीत, आणि जर्मन 'बिलिओन' म्हणजे १ वर १२ शून्यं, इंग्रजी 'बिलियन'वर ९. बोलण्यातली वेळही तशीच : जर्मन आणि डचमध्ये 'अर्धे आठ' म्हणजे साडेसात, ब्रिटिश बोलीत साडेआठ. वेळ नेहमी २४ तासांच्या पद्धतीने आणि टाइम झोनसह.

जपान आणि ब्राझीलचा मोठा भाग यांच्यात बरोबर १२ तासांचं अंतर आहे. सगळ्यांची एकच मीटिंग हा हट्ट सोडा. दोन करा. ०८:०० यूटीसी (जगभर वापरली जाणारी समान प्रमाणवेळ) : जपान १७:००, भारत १३:३०, जर्मनी आणि नेदरलँड्स हिवाळ्यात ९:००. दुसरी १३:०० यूटीसी : ब्राझील १०:००, युरोप हिवाळ्यात १४:००, भारत १८:३०. दोन्हीत युरोपकडचा एकच माणूस सांधा म्हणून ठेवा. सगळ्यांनी एकत्र यायचंच असेल तर रात्रीची पाळी आळीपाळीने घ्या, दर वेळी जपाननेच जागायचं नाही.

मीटिंगची वेळ यूटीसीला बांधा. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. भारत आणि जपान घड्याळ हलवत नाहीत, ब्राझीलनेही २०१९ पासून ते बंद केलं आहे. निमंत्रण जर्मन वेळेवर बनवलेलं असेल तर वर्षातून दोनदा युरोपाबाहेरच्या सगळ्यांचा दिवस सरकतो.

सुट्ट्यांचं एकच सामायिक कॅलेंडर हवं. जपानचा एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, ब्राझीलचा कार्निव्हल आणि जर्मनीतल्या राज्याराज्यांच्या वेगळ्या सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीलाच भरा. मुदत कुणाच्याही मोठ्या सुट्टीच्या आदल्या दिवशी येऊ देऊ नका.

---

नवा_लीड

सगळ्यांचे मनापासून आभार. खुणा, फेरी आणि यूटीसी याच आठवड्यात सुरू करता येतील. दोन प्रश्न उरतात. मिळालेल्या देशवार यादीचं करायचं काय? आणि हे नियम मी एकट्याने लादले तर तेही एकतर्फीच होतील ना?

---

दुभाष्या

यादी टाकून देऊ नका, पण ती माणसाला लावू नका. अशा बहुतेक याद्यांचं मूळ डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ खेर्ट हॉफस्टेड यांच्या कामात आहे. आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या लाखाहून जास्त प्रश्नावल्यांवर ते आधारलेलं होतं. एकाच कंपनीतल्या लोकांवरून सगळा देश ठरवता येतो का, या मुद्द्यावर त्यावर कडक टीकाही झाली. देशाचा गुणांक ही त्या गटाची सरासरी, ती एकेका व्यक्तीला लावायची नसते, हे खुद्द हॉफस्टेड यांनीच बजावलं होतं. एकाच देशात वय, पेशा, शहर, आधीची नोकरी यांनी पडणारा फरक कधीकधी दोन देशांमधल्या फरकाहून मोठा असतो. यादीचा उपयोग एवढाच : काही खटकलं की "याचं आणखी कोणतं कारण असू शकेल?" हा प्रश्न आठवावा, आणि मग त्या माणसालाच विचारावं.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल : ९० मिनिटांचं एक सत्र घ्या. प्रत्येकाने आधी एकट्याने ही वाक्यं पुरी करायची. "एखादी गोष्ट पटली नाही तर मी सहसा…" "माझ्या कामात चूक दिसली तर मला … सांगा." "उशीर होणार असेल तर मी … दिवस आधी कळवेन." "मी गप्प असतो तेव्हा…" "मला हाक … अशी मारा." उत्तरं नावासकट एका कागदावर येऊ द्या, तुमची सर्वांत शेवटी. मग त्यातून जास्तीत जास्त आठ नियम, एका पानावर. सहा आठवड्यांनी पुन्हा बघा. टीममध्ये नवं माणूस आलं की तेव्हाही, नाहीतर त्याच्यासाठी तो परक्यांचा करार राहतो.

एकतर्फी झाला का हे तपासायची खूण सोपी आहे. त्या आठ नियमांपैकी किती नियमांमुळे मुख्य कार्यालयातल्या माणसांना आपली सवय बदलावी लागतेय ते मोजा. शून्य आलं तर पान फाडून पुन्हा बसा. जुळवून घेणारी माणसं नेहमी तीच असतील तर ती आधी गप्प होतात आणि नंतर नोकरी सोडतात.

---

पायरीपायरीने

एक भर. मुदतीची खात्री १ ते ५ आकड्यांत विचारायची पद्धत अनेक टीममध्ये असते. वरिष्ठांसमोर लोक ४ च्या खाली जात नाहीत, म्हणून इथे ती चालणार नाही. त्याऐवजी दोन तारखा मागा : "सगळं सुरळीत झालं तर कधी? एखादी अडचण आली तर कधी?" दोन्ही तारखा एकाच दमात मागायच्या. दुसरी तारीख सांगताना माणसाला स्वतःवर अविश्वास दाखवावा लागत नाही, आणि क्लायंटला कळवायला तुमच्या उपयोगाची तारीख तीच असते. दोन्हींत फार मोठं अंतर आलं, उदाहरणार्थ ३ दिवस आणि १५ दिवस, तर त्या कामाचे तुकडे अजून नीट पडलेले नाहीत. तिथे मुदतीवर घासाघीस करू नका, त्याच्याबरोबर अर्धा तास बसून तुकडे पाडा.